योगशिक्षकाला शरीर ठाऊक हवे

२०१५पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होतो, याचा अभिमान प्रत्येक भारतीयाला आहे. परंतु अभिमानाबरोबर दायित्वही येते.

सोलापूरच्या नवी पेठेत दिवसभर गल्ल्यावर बसणारा व्यापारी उतारवयात योगवर्गात आला आणि शिक्षकाने गुडघा दाबून त्याला पद्मासन घालावयास लावले, तर काय होईल? या आसनातील वळण खुब्याच्या सांध्यातून यावयास हवे. खुबा आखडलेला असेल, तर सारा पीळ गुडघ्यावर येतो. गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा. जबरदस्तीचा पीळ त्याला सोसत नाही आणि आतील कूर्चा फाटू शकते. हा दोष योगाचा नव्हे, शिकविणाऱ्याच्या अज्ञानाचा!

स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि यौगिक क्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या. त्यांच्या श्रद्धेला प्रयोगाचे भय वाटले नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी ठोकळे व पट्टे वापरून आसन साधकाच्या शरीराला जुळवून घेतले.

हा वारसा सांगणाऱ्या प्रत्येक संस्थेने शिक्षकांना शरीररचनेचे शिक्षण अनिवार्य करावे. शीर्षासनापूर्वी साधकाची मान, डोळे आणि रक्तदाब यांची विचारपूस व्हावी. ऋषींचे ऋण केवळ जयघोषाने फिटणार नाही.