हा भूगोलच आहे, बाई!



माझा भाचा सातवीत आहे. शाळेनं भूगोलाचा प्रकल्प दिला : 'माझे गाव'. आमचं खेडं महाड तालुक्यातलं, म्हणून पोरानं महाड शहर घेतलं. अक्षांश १८ अंश ५ मिनिटे, रेखांश ७३ अंश २५ मिनिटे. सावित्री आणि गांधारी या नद्या. जिल्हा रायगड, १९८१ च्या आधी कुलाबा. मुंबई-गोवा हमरस्ता. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २७ हजारांच्या घरात. ग्रामदैवत वीरेश्वर, त्याचा छबिना. सगळं नीट लिहिलं आणि मग स्वतःच्या अकलेनं दोन वाक्यं टाकली : 'गावाच्या मध्ये चवदार तळे आहे. तळ्याभोवती सवर्णांची घरे होती आणि आमची विहीर लांब होती.'

बाईंनी ती लाल पेनानं खोडली. शेजारी शेरा मारला : 'विषय सोडून. हा इतिहास आहे.' आणि खाली स्वतःचं एक वाक्य घालून दिलं : 'सर्व समाजाचे लोक येथे गुण्यागोविंदाने राहतात.'

पोरगं वही घेऊन माझ्याकडं आलं. मी गोदीतला कामगार, मॅट्रिक. पाळी करून आलेलो, अंग मोडलेलं. पण ती लाल रेघ बघितली आणि झोप उडाली.

बाई, हा इतिहास नाही. हा भूगोलच आहे.

भूगोल म्हणजे काय? कुठं काय आहे, आणि ते तिथंच का आहे. पाणी कुठं, पाण्यापाशी कोण, आणि पाण्यासाठी कोण किती चालतं. चवदार तळं कुठं होतं, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. शहराच्या काळजात. पावसाचं पाणी आणि थोडे झरे. काठ बांधलेले. काठाला खाजगी जमिनीच्या पट्ट्या, मग नगरपालिकेचा रस्ता, आणि रस्त्यापलीकडं चहूबाजूंनी सवर्णांची घरं. अस्पृश्यांना विहीर एकच, ती महारवाड्यात, भर गावापासून लांब. घ्या, झाला नकाशा. यात एक अक्षर तरी इतिहासाचं आहे?

महाड हे तालुक्याचं ठिकाण. कचेरी तिथं, बाजार तिथं. खेड्यातला महार म्हणजे वतनाचा चाकर. सरकारी कागद कचेरीत पोचवायचे, गावाचा सारा भरायला जायचं. माझा पणजा हे करायचा, आजी सांगते. उन्हात डोंगर उतरून यायचा, कंबरेला गावाचा वसूल आणि घशाला कोरड. त्याच्या हातचा पैसा कचेरीला बाटत नव्हता. त्याच हातानं तळं मात्र बाटत होतं! त्या तळ्यावर मुसलमान पाणी भरत होते, ख्रिस्ती भरत होते, गाईम्हशी तोंड घालत होत्या. अडत होता तो फक्त आमचा माणूस. हे वतनाचं जू १९५८ च्या कायद्यानं उतरलं. वहीतला गुण्यागोविंद तेव्हा कुठं गेला होता?

कागदाचं म्हणाल तर कागद आमच्याच बाजूनं होता. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण ठराव दप्तरात आणि पाणी तळ्यात. दोघांच्या मध्ये तो रस्ता आणि ती घरं उभी. ते अंतर कुणीतरी चालून तोडायला हवं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं ते अंतर चालली, तळ्यावर गेली, ओंजळीनं पाणी प्यायली. बस. पाणीच प्यायली.

मग अफवा उठली, हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या घेऊन मंडपात घुसले, जेवणाऱ्यांना मारलं, वाटेत गाठून मारलं. आमच्या लोकांना आसरा मुसलमानांच्या घरांत मिळाला. कुठल्या आळीत दार उघडलं आणि कुठल्या आळीत लाठी पडली, हाही भूगोलच ना बाई? मग तळं शुद्ध केलं. १०८ घागरी : शेण, गोमूत्र, दूध, दही. माणूस प्यायला तर पाणी विटाळलं आणि शेण टाकलं तर चोख झालं! ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेनं ठरावही मागं घेतला.

डिसेंबरात पुन्हा निघाले. मुंबईहून बोटीनं दासगाव, तिथून पायी महाड. परिषदेला गावात जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमानानं दिली. व्यापारी माल देईनात. कोर्टाचा मनाई हुकूम आला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, पण पाण्याचा दावा कोर्टात अडकला. हायकोर्टानं आमच्या बाजूनं निकाल दिला तो १७ मार्च १९३७ ला. रस्त्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला जायला दहा वर्षं लागली. असं अंतर भूगोलाच्या कुठल्या पुस्तकात मोजून दाखवलंय?

आता पुराचं घ्या. जुलै २००५ ला आणि जुलै २०२१ ला सावित्री-गांधारी बाजारपेठेत शिरल्या. २००५ ला दासगाव-जुईवर दरडी कोसळल्या, २०२१ ला तळीयेत ऐंशीच्या वर माणसं गाडली गेली. मेलेल्यांत जात शोधणारा मी कुत्रा नव्हे. पण एक विचारतो. ते पाणी साऱ्या तालुक्यातून वाहत आलं होतं, आमच्याही वस्त्यांवरून. ते देव्हाऱ्यापर्यंत चढलं. तेव्हा कुणी १०८ घागरी काढल्या का? नाही काढल्या. चिखल उपसला, फरशा धुतल्या, दुकान उघडलं. म्हणजे विटाळ पाण्यात नव्हताच. तो आमच्या उभं राहण्यात होता. आम्ही पाण्याशी सरळ उभं राहिलो, तेच खुपलं.

गोदीत एक गोष्ट शिकलो. जहाज बंदरात आणणारा नकाशा बघतो तो किनारा किती सुंदर हे बघायला नव्हे. खडक कुठं, पाणी उथळ कुठं, हे बघायला. ज्या नकाशात खडक दाखवलेला नाही, तो जहाज फोडतो. तुमच्या 'माझे गाव'मध्ये खडकच नाहीत, बाई. पोरं तो नकाशा घेऊन जगात निघतात, आणि आमचीच पोरं आपटतात.

आता दोन शब्द आपल्यातल्यांना. आपण दर २० मार्चला महाडला जातो. मीही जातो. निळे झेंडे, पुतळ्याला हार, तळ्याकाठी फोटो, रात्रीच्या गाडीनं परत. तिथून आपापल्या खेड्याकडं जाणारी एसटी किती जण धरतात? गेलो तरी जेवतो, झोपतो, मुंबईला पळतो. तळं स्मारक झालं म्हणून आपणही पुजारी झालो की काय? बाबासाहेब तळ्याला नमस्कार करायला गेले नव्हते. पाण्याचा नकाशा फाडायला गेले होते.

म्हणून सांगतो. ह्या मे महिन्यात गावी जाल तेव्हा शाळेची जुनी वही घ्या आणि गावाचा नकाशा काढा. नळाची लाइन कुठून येते आणि शेवटचा नळ कुणाच्या दारात? विहिरी किती, कुणाच्या, कोण भरतं? मसणवटे किती, आपल्या मसणवट्याला रस्ता आहे का, पावसात मढं कुठून नेतात? एसटी कुठं थांबते, तिथून बुद्धवाडी किती पावलं? पावलं मोजा, अंदाज नको. आणि ते ह्या अंकाकडं पाठवा. कविता मागाहून. कवितेचा सोस मलाही आहे, पण आधी पावलं.

भाच्याची वही माझ्यापाशी आहे. खोडलेली दोन्ही वाक्यं त्याच्याच हातून पुन्हा लिहवून घेतली, काळ्या शाईनं. बाईंचं गुण्यागोविंदाचं वाक्य खोडलं नाही. त्याच्यापुढं फक्त एक प्रश्नचिन्ह काढायला सांगितलं.

सोमवारी पोरगं वही घेऊन शाळेत जाईल. मी पाळी बदलून घेतली आहे. बरोबर जाणार आहे.