मका-सूर्यफुलावर हॅमस्टरचे भागत नाही

गेल्या अंकातील पत्रात ‘मूठभर मका, सूर्यफुलाच्या बिया आणि फळाची फोड दिली की हॅमस्टर मजेत राहतो’ असे म्हटले आहे. हे मला अजिबात पटले नाही. दीडशे ग्रॅमचा सीरियन आणि पंचवीस ग्रॅमचा रोबोरोव्हस्की यांना एकच माप कसे लावायचे? कॅम्पबेल आणि चायनीज जातींत तर मधुमेहाची आनुवंशिक प्रवृत्ती आढळते. माझ्या कॅम्पबेलला मी रोज केळ्याची चकती द्यायचे. दोन्ही पंजांत धरून तो ती गालात कोंबायचा. पुढे पाण्याची बाटली भराभर रिकामी होऊ लागली, पिंजऱ्यातला भुसा सतत ओला. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. ती चकती आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

मक्याविषयी फ्रान्समधील अल्सासचा दाखला देते. तिथे रानात आढळणाऱ्या युरोपीय हॅमस्टरवर स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुख्यतः मक्यावर ठेवलेल्या माद्या स्वतःचीच पिल्ले खात होत्या. मूळ होते ब-३ जीवनसत्त्वाच्या उणिवेत. ते आहारात मिसळल्यावर पिल्ले जगू लागली. म्हणूनच पत्रातले ‘मादी जात्याच क्रूर’ हे वाक्य फार लागले.

मिश्र धान्ये, गवताच्या बिया, थोडी पालेभाजी आणि प्रथिनांसाठी अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा द्यावा. सीरियनला सफरचंदाची नखाएवढी फोड क्वचित चालते. कॅम्पबेल पाळणाऱ्यांनी मात्र फळे, मध, गूळ यांपासून त्याला लांब ठेवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे