नकाशाचेही चावडीवाचन व्हावे

१९९९ सालापासून दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात अनेक देशांत ‘जीआयएस दिन’ साजरा होतो. जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. हा दिवस सुरू केला तो याच प्रणालीचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या एझ्री या अमेरिकन कंपनीने. त्यामुळे बाजारपेठेच्या अनेक उत्सवांपैकीच हा एक, असे आपल्यातील पुष्कळांना वाटेल. परंतु या कल्पनेचे श्रेय त्या कंपनीचे एक संस्थापक जॅक डेंजरमंड यांनी राल्फ नेडर यांना दिले आहे. बलाढ्य मोटार कंपन्यांना सामान्य ग्राहकापुढे जाब द्यावयास लावणारे हेच ते नेडर. नकाशा हे नागरिकाच्या हातातील साधन व्हावे, हा विचार या दिवसाच्या मुळाशी असेल, तर त्याची दखल कार्यकर्त्यांनी घेतली पाहिजे.

ही प्रणाली म्हणजे नेमके काय? तलाठ्याच्या दप्तरात सातबारा एकीकडे असतो आणि गावनकाशा दुसरीकडे. जमीन कोणाची हे एक कागद सांगतो, ती कोठे आहे हे दुसरा सांगतो. या दोहोंची अक्षांश-रेखांशाच्या आधारे गाठ घालावयाची आणि त्यावर विहिरी, ओढे, रस्ते, जंगल, वस्ती असे माहितीचे थर एकावर एक ठेवावयाचे, हे या प्रणालीचे काम. संगणकावर ते प्रथम मोठ्या प्रमाणात घडले ते १९६० च्या दशकात कॅनडात, जमिनीच्या गणनेसाठी, रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने. परंतु त्यामागील विचार अधिक जुना आहे. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची घरे आणि पाण्याचे पंप एकाच नकाशावर मांडले. मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाभोवती दाटलेले दिसले. दोन थर एकत्र आले आणि गरिबांच्या मरणाचे कारण उघड झाले.

मात्र कोणते थर एकत्र ठेवावयाचे, हे ठरवितो कोण? खरा प्रश्न येथे सुरू होतो. वनखात्याच्या नकाशावर जंगलाचे कक्ष क्रमांकासह असतात. मोहाची झाडे कोणती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वेचतात, गुरे कोणत्या वाटेने पाण्यावर जातात, निस्ताराचे लाकूड कोठून येते, हे त्यावर नसते. आणि जे नकाशावर नाही, ते सरकारदरबारी नसल्यातच जमा होते.

म्हणूनच २००६ च्या वनहक्क कायद्यातील एक तरतूद मला फार मोलाची वाटते. दावे स्वीकारणे आणि पडताळणे यांबरोबरच, शिफारस केलेल्या प्रत्येक दाव्याचे क्षेत्र दाखविणारा नकाशा तयार करणे, हे काम त्या कायद्याच्या सहाव्या कलमाने ग्रामसभेकडे सोपविले आहे. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ ची. तेव्हापासून सरकारने काढावा आणि रयतेने मानावा अशीच नकाशाची रीत होती. ती येथे उलटी झाली. २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. आपल्या जंगलाची शीव कोठून कोठवर, हे त्या गावाला ठाऊक होते. त्या ज्ञानाला कायदेशीर रूप मिळाले, एवढेच.

परंतु हेच साधन उलट दिशेनेही चालते. वनजमिनीच्या हक्कासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. हा ताबा उपग्रहाच्या छायाचित्रात ‘दिसत नाही’ असा शेरा आला, की आदिवासीचा दावा डळमळतो. आता हे पाहा : त्या काळात भारतात विस्तृत पाहण्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका उपग्रह-संवेदकाच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवर सुमारे २३.५ मीटर लांब आणि तितकाच रुंद असे. म्हणजे एका ठिपक्यात सुमारे साडेपाच गुंठे! डोंगरउतारावर, झाडांच्या सावलीत पिकणारा नागलीचा तुकडा त्या ठिपक्यात कसा दिसावा? यंत्र खोटे बोलत नाही हे खरे, पण ते किती बारीक पाहू शकते हे कोणी विचारीतच नाही. २०१२ च्या सुधारित नियमांनी याची दखल घेतली. उपग्रहचित्र अन्य पुराव्यांना पूरक ठरू शकेल, त्यांची जागा घेऊ शकणार नाही, असे ते नियम सांगतात. गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जमिनीवरचे घर, घातलेला बांध हेही पुरावेच आहेत. तथापि फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना बेदखल करण्याचा आदेश दिला, तेव्हा अतिक्रमणांची उपग्रहाद्वारे पाहणी करण्यासही सांगितले होते. बेदखलीच्या आदेशाला त्याच महिन्याच्या अखेरीस स्थगिती मिळाली. नियम माहीत नसलेला कार्यकर्ता अशा वेळी केवळ घोषणा देऊ शकतो. माहीत असलेला पुरावा मांडू शकतो.

दुसरे उदाहरण सह्याद्रीचे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाचे सुमारे ९ किलोमीटर लांब-रुंद चौकोन पाडून, प्रत्येकाची संवेदनशीलता या प्रणालीच्या साह्याने अजमावली. हा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला सादर झाला. तो लोकांसमोर आला मे २०१२ मध्ये, तोही माहिती अधिकाराचा झगडा झाल्यावर. गावोगावच्या ग्रामसभांनी त्यावर चर्चा करावी, ही समितीची अपेक्षा होती. परंतु बंद कपाटातील नकाशावर चर्चा कशी व्हावयाची? तेथे अफवांचेच फावते, आणि खाणमालकांना ते सोयीचेच असते.

नकाशा ही तज्ज्ञांची बाब, खेड्यातील माणसाला ती काय कळणार, असा आक्षेप घेतला जाईल. मला तो मान्य नाही. ज्याला आपल्या शिवारातील प्रत्येक ओघळ आणि प्रत्येक बांध पाठ आहे, त्याला नकाशाच्या खुणा शिकावयास एक दुपार पुरते. त्या शिवाराची ओळख मात्र तज्ज्ञाला एका दुपारी होत नाही. साधनेही आता दुर्मिळ राहिलेली नाहीत. क्यूजीआयएससारखे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, इस्रोचे ‘भुवन’ २००९ पासून उपलब्ध आहे, आणि शिवेवरून चालताना खुणा नोंदवावयास साधा मोबाइल पुष्कळ होतो.

म्हणून सूचना अशी की, सातबाऱ्याचे जसे चावडीवाचन होते, तसे नकाशाचेही व्हावे. धरण, खाण, रस्ता, अभयारण्य अथवा वनहक्क, कोणताही निर्णय ज्या नकाशाच्या आधारे घ्यावयाचा, तो आधी ग्रामसभेत मराठीत समजावून सांगितला जावा. चित्र कोणत्या तारखेचे, त्यातील एक ठिपका किती गुंठ्यांचा, कोणते थर घेतले आणि कोणते वगळले, हे त्याच वेळी सांगितले जावे, आणि गावाच्या हरकती लिहून घेतल्या जाव्यात. येत्या नोव्हेंबरात आपल्या शाखांनी सभागृहात भाषणे ठेवण्याऐवजी एवढे करावे : भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढावी, ती चावडीच्या भिंतीवर लावावी, आणि गावातील म्हाताऱ्या माणसांना व जंगलात रोज जाणाऱ्या बायांना विचारावे, ‘यात काय राहिले आहे?’ त्यांची उत्तरे लिहून घेणे हे त्या दिवसाचे पहिले काम.