टक्का कुणाच्या पोटाचा?

विमा एजंट व्हा, अमर्याद कमवा! दहावी झालेल्या बेकार पोराच्या कानात हे पडलं की तो मान वर करतो. पन्नास प्रश्नांची परीक्षा, हातात बॅग, गळ्यात टाय. झाला साहेब! डहाणू-तलासरीच्या दोस्तांनो, टाय बांधण्याआधी हिशोब मांडू या. हिशोब कळू दिला नाही म्हणून आपल्या बापजाद्यांनी सावकाराच्या वहीवर अंगठे उठवले.

एजंटला पगार नाही, टक्का आहे. वर्षानुवर्षे दर असा होता: पहिल्या वर्षी हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, पुढे पाच. २०२३ पासून दर ठरवणं कंपन्यांच्या बोर्डाच्या हाती गेलं आणि ऑक्टोबर २०२४ पासून एलआयसीने पहिल्या वर्षाचा वाटा कापला. पण खरा सवाल दराचा नाही. टक्का कशाचा? कुणाच्या खिशाचा?

बागायतदाराच्या, व्यापाऱ्याच्या पोराला गिऱ्हाईक वारशाने मिळतं. मामा डॉक्टर, काका कंत्राटदार, शेजारी वकील. चहा पिता पिता लाखाचा हप्ता. वारली, दुबळा, कातकरी पोराला वारशाने काय मिळतं? पाडा. त्याची कमाई म्हणजे त्याच्याच मावशीच्या मजुरीतला टक्का. जात अशी कमिशनमध्येही शिरते, अर्जावर तिचा रकाना नसला तरी.

९ डिसेंबर २०२४ला पानिपतला पंतप्रधानांनी 'विमा सखी' योजना सुरू केली. दहावी पास बाईला पहिल्या वर्षी महिना ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,०००. अनुभव वाढेल तसा पैसा घटणार! बदल्यात वर्षाला २४ विमे आणि बोनस सोडून ४८,००० रुपये कमिशन पाडायचं. पंचवीस टक्के धरा. म्हणजे १,९२,००० रुपयांचे हप्ते. घरटी ८,०००.

२०२५-२६ साली रोजगार हमीचा रोज होता ३१२ रुपये. ८,००० म्हणजे सव्वीस रोज. आणि पाडा तरी जागेवर कुठे असतो? दिवाळी झाली की कोणी वीटभट्टीवर, कोणी गुजरातच्या होडीवर. वर्षाच्या हप्त्याला तीस दिवसांची सवलत, मग पॉलिसी बंद. ऑक्टोबर २०२४ च्या नियमाने एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरल्यावर मोडली तर थोडं हाती येतं. म्हणजे मजुराचं बरंचसं बुडालं, एजंटचा पुढचा टक्का बुडाला. वरच्या मजल्यावर काय बुडालं? काही नाही. पहिल्या वर्षीच्या ६५ टक्के पॉलिसी चालू राहिल्या नाहीत तर सखीचं मानधनही गेलं. मग ती स्वतःच्या पदरचे हप्ते भरत बसणार. याला कमाई म्हणायचं की वेठ?

गंमत बघा. पाड्याला परवडेल असा विमा आहे. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा, २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा. त्यात टक्का नगण्य, म्हणून त्याच्यासाठी कुणी टाय बांधून पाड्यावर चढत नाही.

मुंबईच्या गोदीत एके काळी असंच होतं. टोळीवाल्याने बोट दाखवलं तर काम, नाहीतर उपाशी. मजूर संघटित झाले, १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला, मग जहाज लागलं नाही तरी हजर मजुराला काहीतरी हमी मिळू लागली. एजंटला तीच हमी का नको? दरवर्षी घटणारं मानधन नको, कायम पगार हवा. वाढवणला ७६,००० कोटींचं बंदर येतं आहे. तिथं आमच्या पोराला नोकरी द्या, पॉलिसीचं पुस्तक नको.

तरीही एजंट व्हायचंच? व्हा. पण बॅग घेऊन स्टेशनजवळच्या बाजारात जा, सरकारी कचेऱ्यांत जा, बागायतदाराच्या बंगल्यात जा. त्यांच्या खिशातून टक्का काढा. पाड्यावर जाल तेव्हा २० आणि ४३६ चे फॉर्म फुकट भरून द्या. कुणी मेलं तर क्लेमचे कागद घेऊन बँकेच्या दारात बसा, पैसे मिळेपर्यंत उठू नका.

१९४५ साली झरीला वारली जमले आणि म्हणाले, वेठ करणार नाही. पँथरने १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित म्हटलं ते आदिवासीला, मजुराला, भूमिहीनाला, बाईलाही. ते नातं टक्क्यावर विकू नका. सावकाराची वही आपण एकदा फाडली आहे. ती टाय लावून परत आली तर ओळखायला शिका.