लाल मुनिया पिंजऱ्यात नको

बाजारात पिंजऱ्यात दाटीवाटीने कोंबलेले चिमुकले लाल पक्षी तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. लाल अंगावर पांढरे ठिपके आणि लाल चोच असलेला हा पक्षी म्हणजे लाल मुनियेचा नर. "एक जोडी घरी नेऊ या का?" असे मनात येणे साहजिक आहे. पण तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागे भूतदया आहेच, पण विज्ञानही आहे.

हा लाल रंग येतो कोठून? पोपटासारखे काही अपवाद सोडले, तर पक्ष्यांच्या पिसांतील तांबडा रंग बहुधा कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा असतो. ही द्रव्ये पक्ष्याला मुळापासून तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. अन्नातील पिवळ्या द्रव्याचे लाल द्रव्यात रूपांतर एका विकरामुळे होते. त्या विकराचे जनुक शास्त्रज्ञांना २०१६ साली सापडले. रोहित पक्ष्याला प्राणिसंग्रहालयात योग्य आहार मिळाला नाही, तर त्याची नवी पिसे फिकट येतात, ती याच कारणाने.

मुनियेच्या नराचा रंग तर ऋतूचाही पाहुणा आहे. पावसाळ्याच्या सुमारास, विणीच्या काळात, तो लालभडक होतो; हंगाम संपला की मादीसारखा तपकिरी दिसू लागतो. म्हणजे ज्या रंगासाठी पक्षी विकत घ्यायचा, तो वर्षभर टिकतही नाही!

लाल रंगाच्या हव्यासाची एक गोष्ट ऐका. व्हेनेझुएलात रेड सिस्किन नावाचा चिमणीहून लहान पक्षी आहे. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीतील ब्रेमेन येथील शाळाशिक्षक हान्स डुंकर यांनी लाल कॅनरी निर्माण करण्यासाठी कॅनरीशी त्याचा संकर केला. संकरित पिले नारिंगी झाली. खरा लाल रंग येण्यास आहाराचीही जोड लागते, हे पुढे उमगले. पण सिस्किनला मागणी वाढली, जाळी पडत राहिली आणि एके काळी विपुल असलेला हा पक्षी आज नामशेष होण्याच्या धोक्यात आहे.

आपल्या मुनियेचीही अशीच निर्यात होत असे. तिचे 'ॲव्हाडव्हॅट' हे इंग्रजी नाव अहमदाबाद शहरावरूनच पडले, कारण तेथून हे पक्षी परदेशी जात.

कोणी म्हणेल, "पिंजऱ्यात आयते दाणापाणी मिळते, ससाण्याचे भय नाही." खरे आहे. पण पक्षी म्हणजे केवळ पोट नव्हे. उत्तर अमेरिकेतील हाउस फिंच या पक्ष्यात माद्या अधिक लाल नर पसंत करतात, असे प्रयोगांत दिसले आहे. ही निवड, घरटे, थव्यातले उडणे यांतले पिंजऱ्यात काय उरते? शिवाय एक पक्षी विकला गेला, की विक्रेता दुसरा पकडून आणतो. दया म्हणून विकत घेणेही म्हणूनच चुकीचे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मुनिया पकडणे व विकणे हा गुन्हा आहे. विक्री दिसली तर वनखात्याला कळवावे.

शिक्षकांना एक विनंती. पावसाळ्यात मुलांना तळ्याकाठच्या उंच गवताकडे न्या. नर केव्हा लाल झाला, केव्हा तपकिरी, याची तारीखवार नोंद वर्षभर ठेवा. गवत तोडले वा जाळले, तर तेही लिहा. पिंजऱ्यातली मुनिया जे शिकवू शकणार नाही, ते ही वही शिकवील.