सार्वजनिक स्मृतीचे खोटे नाणे

गोंदियाच्या बाजारात कोणालाही विचारावे, ‘शोले’तील गब्बरसिंग माणसे किती होती हे कोणास विचारतो? ‘सांभाला’, हेच उत्तर येण्याचा संभव अधिक. वस्तुतः १९७५ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात तो प्रश्न रामगढहून हात हलवीत परतलेल्या कालिया व त्याच्या साथीदारांना आहे. सांभाला विचारले जाते ते सरकारने लावलेल्या इनामाविषयी.

हा नुसता विसराळूपणा नव्हे. चित्रपटाच्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या खऱ्या. पण गणेशोत्सवातील, मंडईतील नकलाकाराला दोन मिनिटांत टाळी हवी असते. एकीकडची हाक व दुसरीकडचा प्रश्न जोडला की काम भागते. हलके नाणे चोख नाण्यास चलनातून हुसकावते, हा ग्रेशमचा नियम येथेही लागू पडतो!

आठवण म्हणजे कोठारातून काढलेले धान्य नव्हे, ती दर वेळी नव्याने रचली जाते, असे केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी १९३२ सालीच प्रतिपादिले. लॉफ्टस व पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात तर प्रश्नातील एक क्रियापद अधिक जोरकस करताच, अपघाताच्या चित्रफितीत नसलेली फुटकी काच अधिक प्रेक्षकांना ‘आठवली’.

संवाद चुकल्याने कोणाचे बिघडत नाही. परंतु फौजदारी खटल्यात दहा साक्षीदार एकच हकीकत सांगतात, तेव्हा ती दहा जणांनी पाहिलेली की एकाच्या तोंडून दहांनी ऐकलेली, हे प्रथम तपासावे लागते. जबाब नोंदविण्यास आठवडे लोटले, तर पारावरच्या चर्चेने तोवर पाहिलेल्या घटनेची जागा घेतलेली असते, आणि साक्षीदार मात्र प्रामाणिकपणे शपथ घेत असतो.