बोलणे शिकवा, घराणे तपासू नका!

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आले आणि पदवीच्या अभ्यासक्रमात ‘कौशल्य’ या शब्दाचा सुळसुळाट झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये नवा श्रेयांक आराखडा दिला. त्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी भाषा आणि संवादाच्या ‘क्षमता संवर्धन’ विषयांना ८ श्रेयांक व ‘कौशल्य संवर्धन’ विषयांना ९ श्रेयांक ठेवले आहेत. खरे तर ही गोष्ट नवी नाही. मुंबई विद्यापीठात वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला ‘बिझनेस कम्युनिकेशन’ हा विषय वर्षानुवर्षे होता. अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात तर ‘प्रोफेशनल कम्युनिकेशन अँड एथिक्स’ हा विषय दोनदा येतो. अर्ज कसा लिहावा, बायोडाटा कसा करावा, चार लोकांसमोर विषय कसा मांडावा, ग्रुप डिस्कशनमध्ये कसे बोलावे, मुलाखतीला कसे सामोरे जावे, हे त्यात शिकवायचे असते.

या विषयाबद्दल आमच्या वस्त्यांतील मुलांकडून आम्ही दोनच उत्तरे ऐकतो. एक, “तो विषय सोपा आहे, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचला तरी निघतो.” आणि दुसरे, “तो आपला विषयच नाही, तो कॉन्व्हेंटवाल्यांचा.” पहिले उत्तर देणारा वर्गात जात नाही. दुसरे उत्तर देणारा जातो, पण शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसतो. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे आपल्याला महागात पडणारी आहेत.

बाबासाहेबांनी काढलेल्या पहिल्या पाक्षिकाचे नावच बघा. ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले ते ‘मूकनायक’. ज्यांना शतकानुशतके तोंड उघडू दिले नाही, त्यांचा नायक! त्याच्या एक वर्ष आधी, जानेवारी १९१९ मध्ये बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. १९३० साली ते गोलमेज परिषदेत उभे राहिले. समोर कोण आहे, त्याला कोणती भाषा कळते, कोणता मुद्दा आधी मांडावा आणि कोणता आकडा कुठे ठेवावा, याचा अभ्यास केल्याशिवाय अशी साक्ष देता येते काय? आज ज्याला प्रोफेशनल कम्युनिकेशन म्हणतात, ते याहून वेगळे काय आहे? त्यांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे. जानेवारी १९५० मध्ये बाबासाहेब स्वतः त्या संसदेपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. देशाचा कायदामंत्री कॉलेजातल्या पोरांच्या सभेत येऊन बोलतो, कारण या पोरांना सभेत बोलता आले पाहिजे हे त्याला ठाऊक असते. म्हणून संवादकौशल्य हा आपला विषय नाही असे म्हणणारा तरुण स्वतःच्याच वारशावर पाणी सोडतो आहे.

इथपर्यंत वाचून काही प्राध्यापक मंडळी खूष होतील. त्यांनी पुढचेही वाचावे.

प्रश्न असा आहे की या विषयाचे गुण नेमके कशाला मिळतात? लेखी पेपरात चूक की बरोबर ते दाखवता येते. पण सादरीकरण, गटचर्चा, ओरल आणि टर्मवर्क यांचे गुण परीक्षकाच्या मनावर असतात. मुलाचा मुद्दा पक्का असला, पण उच्चार गावाकडचा असला, तर गुण किती? आणि ज्याच्या घरी दोन पिढ्या इंग्रजी बोलले जाते, तो पाच मिनिटे काहीही न सांगता गोड बोलला तर त्याला किती? ‘कॉन्फिडन्स’, ‘पर्सनॅलिटी’, ‘बॉडी लँग्वेज’ या रकान्यांत अनेकदा मुलाच्या मेहनतीऐवजी त्याचे घर मोजले जाते. जे शिकवलेच नाही त्याचे गुण कापणे, याला शिक्षण म्हणत नाहीत.

वकील म्हणून आम्हाला येथे एका निकालाची आठवण द्यावीशी वाटते. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि तोंडी परीक्षेला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जाई आणि तीत मुलांना विचारले जाई ते आईवडिलांविषयी आणि राहण्याच्या ठिकाणाविषयी! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अजय हासिया खटल्यात नोव्हेंबर १९८० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की, एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक गुण तोंडी परीक्षेला ठेवणे मनमानी आहे, ते घटनेच्या कलम १४ मध्ये बसत नाही. मुलाखती टेपरेकॉर्ड कराव्यात, म्हणजे तक्रार आल्यास न्यायालयाला तपासता येईल, असेही न्यायालयाने सुचवले. तो खटला प्रवेशाचा होता, टर्मवर्कचा नव्हता, हे आम्ही कबूल करतो. त्यामुळे त्यातला १५ टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा वर्गातल्या विषयाला लागणार नाही. पण जिथे तोंड बघून गुण देण्याची सोय असते तिथे मनमानी शिरते, हे तत्त्व वर्गालाही तितकेच लागू आहे.

‘वडील काय करतात?’ हा प्रश्न आम्हालाही विचारला गेला होता. कायद्याची पदवी हातात घेऊन आम्ही एका मोठ्या वकिलाच्या कार्यालयात गेलो होतो. करार कायद्यावर एक प्रश्न विचारला गेला, त्याचे उत्तर आम्ही बरोबर दिले. नंतरचे सगळे प्रश्न गाव, आडनाव आणि वडील यांच्याभोवती फिरले. “कळवतो” म्हणाले, ते अजून कळवत आहेत! आम्हाला तेव्हा वाटले की आपले इंग्रजी कमी पडले. पुढे २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त काही अभ्यास प्रसिद्ध झाले आणि आमचे डोळे उघडले. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांना गाठले. ते अधिकारी जातीचे नाव घेत नव्हते, पण ‘फॅमिली बॅकग्राउंड’ बघतो असे मोकळेपणाने सांगत होते. बायोडाटा सुंदर लिहायला शिकवाल, पण त्यावरच्या आडनावाचे काय करायचे हे कोणत्या धड्यात आहे?

उच्चारावरून नाक मुरडण्याची सवय फार जुनी आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू भाऊ तथागतांकडे तक्रार घेऊन गेले. नाना कुळांतले, नाना जातींतले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात, तेव्हा ते छंदस् भाषेत घालू द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. तथागतांनी त्यांना फटकारले आणि ज्याने त्याने आपापल्या भाषेत धम्म शिकावा अशी अनुज्ञा दिली. त्यांनी उच्चार पाहिला नाही, वचनातला अर्थ पाहिला. संवादाचा यापेक्षा मोठा धडा आम्हाला तरी ठाऊक नाही.

आणि आजचा वर्ग कसा आहे? एप्रिल २०२१ मध्ये खरगपूर आयआयटीच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमातील इंग्रजीच्या ऑनलाइन तासाची चित्रफीत देशाने पाहिली. हा अभ्यासक्रम अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग विद्यार्थ्यांसाठी आहे. भाषा शिकवायला बसलेल्या प्राध्यापिकेने त्याच मुलांना शिवीगाळ केली. ओरड झाली तेव्हा संस्थेने तिला निलंबित केले. ज्या तासाला मुलाचे तोंड उघडायचे, त्याच तासाला त्याचे तोंड बंद केले जात असेल, तर दोष मुलाच्या कौशल्यात शोधायचा काय?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. या विषयाच्या प्रत्येक तोंडी गुणाचे निकष आधी लेखी द्या. मुद्दा, मांडणी, पुरावा आणि समोरच्याचे ऐकून घेणे यांना गुण द्या, उच्चाराला नको. ओरल आणि गटचर्चेचे रेकॉर्डिंग ठेवा. १९८० साली टेपरेकॉर्डर लागत होता, आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, त्यामुळे खर्चाची सबब चालणार नाही. गुण कमी का पडले हे मुलाला लेखी कळू द्या. आणि अभ्यासक्रमात मराठीतला अर्ज, माहिती अधिकाराचा अर्ज, शिष्यवृत्ती अडली तर करायची तक्रार, हेही शिकवा. आमच्या मुलाला पहिले पत्र कंपनीच्या मॅनेजरला नव्हे, समाजकल्याण कार्यालयाला लिहावे लागते!

तरुण मित्रांनो, हे सगळे मिळेपर्यंत वर्ग सोडू नका. पुढच्या बाकावर बसा, पहिला प्रश्न तुम्ही विचारा, चुकलात तर चुका. इंग्रजी जरूर शिका, पण तुमच्या बोलीची लाज बाळगून नव्हे. आणि विहारांच्या कार्यकर्त्यांना विनंती, रविवारच्या वंदनेनंतर एक तास या मुलांना द्या. एकाने विषय मांडावा, दुसऱ्याने खोडून काढावा, तिसऱ्याने इतिवृत्त लिहावे. सिद्धार्थ महाविद्यालयातली ती संसद प्रत्येक विहारात भरू शकते. तिला विद्यापीठाची परवानगी लागत नाही, फक्त एक सतरंजी लागते.

जय भीम!